गरम इंजिनाला थंडी

२ सप्टेंबर

कुवेतला होते तेव्हा वही लिहायची सवय लागली, कारण तिथे सिंहलीत बोलायला भिंतीशिवाय कुणी नव्हतं. परत आल्यावर वाटलं, आता कशाला वही, आता माणसं आहेत बोलायला. माणसं म्हणजे अम्मा, माझ्या सासूबाई. त्या सकाळी उठल्यापासून ज्या सुरू होतात, त्यात माझी पाळी येतच नाही. म्हणून पुन्हा वही.

तर बातमी अशी, की काम मिळालं! हापुतळेच्या वर चहाच्या मळ्यावर शाळा आहे, तिथल्या चार शिक्षिकांना रोज सकाळी बंडारवेलाहून वर न्यायचं, दुपारी खाली आणायचं. बस तिथवर जात नाही. चौघींची मुकादम सरोजा टीचर. तिने आधी माझं लायसन पाहिलं, मग गाडी पाहिली, मग मला पाहिलं. म्हणाली, "गाडी जुनी आहे हो." मी म्हटलं, "मी तरी कुठे नवी आहे? चढतो आम्ही दोघी." हसली बाई. काम पक्कं.

गाडी माझ्या नवऱ्याची, लायनलची. मी कुवेतहून पैसे पाठवत गेले, त्याने ही जपानी गाडी घेतली, भाड्याने फिरवली आणि एक दिवस स्टिअरिंगवरच छाती धरून बसला. मी विमानतळावर उतरले तोवर इथे सगळं उरकलं होतं. दोन वर्षं होत आली, पण स्टिअरिंगला हात लावला की अजून तेच आठवतं.

हे काम टिकलं तर पुन्हा कुवेतला जायला नको. नाही टिकलं तर तिकडे बायका पाठवणाऱ्या एजन्सीची फ्लॉरिन टपूनच बसलीय. फोनवर गोड गोड बोलते, "शिरोमी अक्का, तुमच्या घरची मंडळी तुमची आठवण काढतात." माझ्या घरची म्हणे! ज्यांची भांडी घासली ती.

५ सप्टेंबर, पोया

पौर्णिमेची सुट्टी. अम्मा पहाटेच पांढरी साडी नेसून विहारात गेल्या आणि पिरितच्या पाण्याची बाटली भरून घेऊन आल्या. भिक्खूंनी मंत्र म्हटलेलं, हळद घातलेलं पाणी. माझ्या डोक्यावर शिंपडलं, उंबऱ्यावर शिंपडलं, मग म्हणाल्या, "गाडीचं झाकण उघड."

"अम्मा, गाडीला काय करायचंय?"

"उद्यापासून तुला घेऊन डोंगर चढणार ती. तिला नको?"

उघडलं. आत लायनलच्या वर्षाच्या दानाला, म्हणजे वर्षश्राद्धाला, बांधलेला पिरितचा पांढरा दोरा अजून तसाच आहे. तेव्हा अम्मांनी विचारलं होतं, गाडीचं काळीज कुठे असतं? कुणाला सांगता येईना, तर त्यांच्या हाताला जे पुढे लागलं त्याच्याभोवती त्यांनी सात वेढे देऊन टाकले. इंजिनाच्या पुढल्या अंगाला एक वायर येऊन खुंटीसारखी बसलीय, त्यावर. आज अर्धी बाटली तिथेच उपडी केली.

"थोडंसं शिंपडा हो!"

"पुण्याच्या कामात हात आखडायचा नसतो, पोरी."

६ सप्टेंबर

पहिला दिवस छान गेला. चौघी मागे-पुढे बसून सारा रस्ता हेडमास्तरांना नावं ठेवत होत्या. मला फार बरं वाटलं. माणसांचा आवाज असलेली गाडी.

११ सप्टेंबर

थंड असते तेव्हा गुणाची. चावी फिरवली की सुरू. पण चढ लागला, इंजिन तापलं, की धापा टाकते. आज शेवटच्या वळणाआधी खोकली, काळा धूर सोडला आणि बसली. पेट्रोलचा असा वास, की मागे टीचरांनी पदर नाकाला लावले. सरोजा टीचर म्हणते, "हिला दमा आहे का गं?" थोडं थांबून चालू झाली. मी हसण्यावारी नेलं.

१३ सप्टेंबर

जयतिस्साच्या गॅरेजला नेली. त्याने आधी दोऱ्याला हात जोडले, मग बाजूने हात घालून प्लग काढले. काजळी धरलेल्या दिव्यासारखे काळे. "पेट्रोल जास्त पितेय, अक्का. जळत नाही तेवढं." प्लग बदलले. येताना अशी पळाली की वाटलं, झालं, सुटले.

२० सप्टेंबर

कसली सुटले! प्लग पुन्हा काळे.

जयतिस्साने इंजेक्टर साफ केले, पेट्रोलची जाळी बदलली. मग म्हणाला, हिच्या कॉम्प्युटरलाच विचारू. बॉनेटखालच्या एका डबीत दोन टोकं तारेच्या तुकड्याने जोडली, की समोरचा पिवळा दिवा डोळे मिचकावतो, आणि किती वेळा मिचकावतो त्यावरून दुखणं कळतं. आम्ही दोघं श्वास रोखून बघत बसलो. दिवा आपला एका लयीत मिचकावतोय, मिचकावतोय.

"म्हणजे काय?"

"म्हणजे ती म्हणते, मला काही झालेलं नाही."

"मग धूर काय हौसेने काढते?"

जयतिस्साने खांदे उडवले. डॉक्टरांसमोर सगळं ठीक सांगणाऱ्या बायका मला ठाऊक आहेत. अम्मा त्यातल्याच.

२८ सप्टेंबर

चार दिवस ऊन होतं, गाडीही जरा माणसात आहे. देवाचं नाव घेऊन चालवतेय. चढाला लागले की कान इंजिनाकडे, टीचर काय बोलतात कळतच नाही. झोपेतही उजवा पाय दाबत असते.

५ ऑक्टोबर, पोया

अम्मांना कळलं गाडी आजारी आहे. मीच बोलून बसले. आज अख्खी बाटली ओतली, वर दोऱ्याला हात लावून गाथा म्हटल्या, आणि दोरा सैल पडला म्हणून गाठ आवळली, चांगली दातओठ खाऊन. मी म्हटलं, "अम्मा, मेकॅनिक बघतोय ना." तर म्हणाल्या, "त्याला बघू दे लोखंड. मी बाकीचं बघते."

९ ऑक्टोबर

सर्वनाश. अर्ध्या चढावर जी बसली ती उठेचना. चौघी छत्र्या उघडून पायी गेल्या. दुपारी सरोजा टीचर उतरताना मागे थांबली. आवाज चढवला नाही, त्यानेच जास्त लागलं. "शिरोमी, आम्ही तुझ्यासाठी थांबू. पण हेडमास्तर आमच्यासाठी थांबत नाहीत गं. पुन्हा असं झालं तर आम्हाला व्हॅनवाल्याला सांगावं लागेल."

रडले नाही. घरी येऊन गाडीच्या टायरला लाथ मारली. अंगठा सुजलाय.

१० ऑक्टोबर

जयतिस्साने निकाल दिला. "अक्का, हे इंजेक्शन-बिंजेक्शन सगळं उपटून टाकू. जुन्या पद्धतीचा कार्ब्युरेटर बसवतो. ना कॉम्प्युटर, ना कटकट."

"आणि नंतर परत मूळचं बसवायचं म्हटलं तर?"

"परत कोण बसवतंय? भंगारात जातं ते."

लायनल या गाडीचं इंजिन लोकांना उघडून दाखवायचा. फोनवर मला सांगायचा, "आपल्या गाडीला डोकं आहे, शिरोमी." आता हिचं डोकं काढून ठेवायचं? म्हटलं, दोन दिवस दे.

१२ ऑक्टोबर

बसस्टँडमागे मशिदीच्या गल्लीत नवफर नानाचं दुकान आहे, तिकडे गेले. गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. बोलणं अगदी जपून, दुकानात रेडिओसुद्धा हळू. मला नोना म्हणतो, म्हणजे मोठ्या घरची बाई झाले मी.

त्याने बॉनेट उघडलं आणि कितीतरी वेळ नुसता बघत राहिला. "हा दोरा कुणी बांधला, नोना?"

"आमच्या अम्मांनी."

"ओला आहे."

"पोयाला पाणी घालतात त्या."

"हं," म्हणाला. मग दोऱ्याकडे न जाता डाव्या दाराशी गेला, पायाजवळचं झाकण काढलं आणि गाडीचा कॉम्प्युटर म्हणतात ती पेटी बाहेर ओढली. इंजिन चांगलं तापवून त्या पेटीच्या वायरींना मीटर लावला. मग मला बोलावून समजावलं. इंजिन गरम आहे, पण पेटीला वाटतंय ते अजून थंडच आहे. थंड गाडीला जास्त पेट्रोल पाजावं लागतं, म्हणून पेटी पाजत सुटलीय. गरम इंजिनाला ते पचत नाही. म्हणून धूर, म्हणून धाप.

"मग दिवा का नाही बोलला?"

"वायर तुटली असती तर बोलला असता. तुटलेली नाही. थंडी वाजतेय हा निरोप खोटा आहे, पण दिव्याला तो खराच वाटतो."

"मग करा ना दुरुस्त!"

तो हात पुसत राहिला. पुष्कळ वेळ पुसत राहिला. "पेटीकडून मी पाहिलं. इंजिनाच्या बाजूने घरच्या माणसानेच एकदा नीट पुसून घ्यावं. पुढून. जिथे ओल आहे तिथे." आणि काम केल्याचं काही घ्यायलाही तयार नाही.

काय माणूस आहे! रोग सांगतो आणि औषध म्हणे घरी करा. येत नसेल तर येत नाही म्हणावं की सरळ.

१४ ऑक्टोबर

तरी त्याने सांगितलं म्हणून अख्खं इंजिन पुसलं. जुन्या साडीचे तुकडे संपले. दोऱ्याच्या जागेला तेवढा हात लावला नाही, तिथे अम्मांची गाठ आहे. बाकी इंजिन असं चकचकीत झालंय की त्यावर भात वाढावा. फरक? काडीचा नाही.

फ्लॉरिनचा फोन. पासपोर्टचे फोटो पाठवून ठेवा म्हणे, जागा धरून ठेवते. कपाट उघडलं तर पासपोर्ट नाही! सगळे कपडे बाहेर काढले. अम्मा दारात उभ्या राहून बघत होत्या. "उंदीर हल्ली काहीही नेतात," म्हणाल्या.

"पासपोर्ट, अम्मा?"

"कागदच की तो."

माझंच डोकं ठिकाणावर नाही. कुठे ठेवला आठवत नाही. बुद्धाच्या तसबिरीची फळी शोधायला गेले तर अम्मांनी मध्येच अडवलं, "पारोशी आहेस, फुलं मी बदलते." हल्ली त्या फळीला मला हातच लावू देत नाहीत. वय झालं, चालायचंच.

२६ ऑक्टोबर

अधूनमधून दगा देते, पण अजून गळा कापला नाही. उतारावर बंद करून थंड करायची, चढाआधी थांबायचं, पहाटे लवकर निघायचं, असल्या युक्त्या करून दिवस ढकलतेय. जेवण जात नाही. अम्मा ताटात भात वाढतात आणि मी उठून बॉनेट उघडते. आज त्यांनी विचारलं, "तिकडे तुला जेवायला बसून मिळायचं का?" म्हटलं, "उभ्यानेच. का हो?" "काही नाही," म्हणाल्या आणि माझ्या ताटात माशाचा मोठा तुकडा टाकला.

३ नोव्हेंबर, पोया

अम्मांनी आज पाण्याच्या दोन बाटल्या आणल्या. गुडघे दुखत असताना विहाराच्या पायऱ्या दोनदा चढल्या म्हणे. मी ओरडले, "गाडीला न्हाऊमाखू घालताय का?" त्यांनी ऐकलंच नाही. ओठ हलत होते. फक्त एवढं ऐकू आलं, "हिला इथेच राहू दे." गाडीबद्दल म्हणत असतील. जयतिस्सा ती विकायचा सल्ला देत होता, ते ऐकलं असावं.

६ नोव्हेंबर

संपलं.

धो धो पाऊस, मळ्याच्या फाट्यावर गाडी बंद, काळ्या धुरात चार बायका. मागून व्हॅनवाला आला, हॉर्न वाजवला, दार उघडलं. सरोजा टीचरने जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. "शुक्रवारपर्यंत बघतो आम्ही. तोवर व्हॅन." बघतो म्हणजे काय ते मला कळतं.

संध्याकाळी दोन फोन केले. जयतिस्साला सांगितलं, बुधवारी कार्ब्युरेटर बसव. फ्लॉरिनला सांगितलं, माझं नाव घाल, पासपोर्ट मी शोधते. दुसरा फोन अम्मांसमोरच केला, लपवायचं काय. त्या वांगी चिरत होत्या. चिरतच राहिल्या, पुन्हा पुन्हा, पार भुगा होईपर्यंत.

८ नोव्हेंबर

हात अजून हळदीने पिवळा आहे. नीट लिहिते.

गॅरेजात जयतिस्सा पाने मांडून तयार होता, पण कामाला हात लावेना. "अक्का, हे सगळं काढायचं तर आधी दोरा सोडावा लागेल. त्याला मी ब्लेड लावणार नाही. इतके दिवस त्याला वळसा घालूनच काम केलंय. बांधणाऱ्याने सोडावा."

"म्हणजे अम्मांना आणू?"

"आणा."

आणलं तीनचाकीतून. गॅरेजातल्या स्टुलावर बसवलं. अम्मांनी चपला काढल्या, गाथा म्हटली आणि गाठ सोडायला घेतली. सुटेना. ओल्या दोऱ्याची गाठ, तीही त्यांनीच आवळलेली. नखं लावली, शेवटी वाकून दात लावले. मला बघवेना.

सातवा वेढा निघाला आणि त्याच्याबरोबर ती वायरची खुंटीच त्यांच्या हातात आली. अलगद, पिकलेल्या फळासारखी. आतून हिरवी पूड त्यांच्या पांढऱ्या साडीवर सांडली. तांब्याला चढते तशी, हळदीने माखलेली हिरवी पूड. पितळी काड्या पार कुरतडलेल्या.

जयतिस्सा वाकला. वास घेतला. मग हळूच म्हणाला, "ही तर इंजिनातल्या पाण्याची उष्णता कॉम्प्युटरला सांगणारी वायर."

मला एकदम नवफर नाना आठवला. जिथे ओल आहे तिथे पुसा. पुढून. घरच्या माणसाने.

अम्मांना मात्र काही सांगावं लागलं नाही. त्यांनी पूड बोटावर घेतली, सोबत आणलेल्या बाटलीचं पिवळं झाकण बघितलं, माझ्याकडे बघितलं. "हे माझ्या पाण्याने झालं?"

जयतिस्सा छताकडे बघायला लागला. मी त्यांच्या साडीवरची पूड झटकायला लागले.

"बोल ना गं!"

"हो, अम्मा."

त्या दोरा मुठीत धरून तशाच बसल्या. घरी येईपर्यंत बोलल्या नाहीत, आणि हे असं दोन वर्षांत पहिल्यांदाच झालं.

जयतिस्साला म्हटलं, पाने आवर. इंजिनाचं काही उपटायचं नाही.

९ नोव्हेंबर

नवफर नानाला बोलावलं. आला, डबा उघडला. कापडात गुंडाळलेली नवी खुंटी त्याच्या डब्यात आधीच होती. नेमकी तीच, आमच्याच गाडीची.

मी भडकले. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं! माझी रोजीरोटी चालली होती आणि तुम्ही हे डब्यात घेऊन हिंडत होता?"

तो वायर सोलत राहिला. "नोना, मी या गावात दुकान चालवतो. माझ्या हाताने तो दोरा कापला असता आणि दुसऱ्या दिवशी तुमची गाडी त्या वळणावर घसरली असती, तर लोकांनी वायरीचं नाव घेतलं असतं का?"

हल्ली गावात त्याच्या मुसलमान लोकांबद्दल वारं कसलं आहे, मला दिसत नाही थोडंच. राग आला, पण त्याचा नाही.

"सरळ सांगायचं तरी," मी म्हटलं.

"सांगायला आलो होतो दोनदा. फाटकात अम्मा होत्या, दोऱ्याचीच गोष्ट शेजारणीला सांगत होत्या. त्यांचं तोंड बघून परत गेलो."

खुंटी बसवली, इंजिन तापवलं, मीटर दाखवला. गरम इंजिन, आणि पेटीलाही कळलंय गरम आहे म्हणून. धूर नाही, वास नाही. मी हापुतळेपर्यंत एकटीच चढले, एकदाही न थांबता, आणि वर गाडी उभी करून भोकाड पसरलं.

१० नोव्हेंबर

सरोजा टीचरच्या दारात सकाळीच जाऊन उभी राहिले. "आजचा एक दिवस बसा. बंद पडली तर मीच तुम्हाला व्हॅनमध्ये बसवून देते." बसल्या. चढल्या. शेवटच्या वळणावर सगळ्या गप्प झाल्या होत्या, वळण सरलं तशी सरोजा टीचर म्हणाली, "हिचा दमा गेला की गं!" सोमवारपासून पुन्हा माझ्याच गाडीने.

घरी आले तर अम्मा पांढऱ्या साडीत, पोया नसताना. समोर स्टुलावर माझा पासपोर्ट. सुकलेल्या फुलांच्या पाकळ्या चिकटलेल्या, उदबत्तीचा वास. बुद्धाच्या तसबिरीमागे होता इतके दिवस.

"घे," म्हणाल्या. "तू जाऊ नयेस म्हणून हा लपवला, आणि तू जाऊ नयेस म्हणूनच पाणी घातलं. लायनल गेला तेव्हा तू तिकडे होतीस, मी एकटीने त्याचे पाय धरून बसले होते. पुन्हा एकटीने बसायचं नव्हतं मला. तर माझ्याच हाताने तुझी गाडी मोडली. आता अडवणार नाही. जायचं तर जा."

आणि मी वेडी, उंदरांसाठी सापळा आणून ठेवला होता.

मी त्यांच्या पायाशी बसले. मग त्यांनी चोळीतून तो पिवळट दोरा काढला, धुऊन वाळवलेला, आणि माझ्या मनगटाला बांधला. "इथे काही गंजत नाही ना?"

"नाही, अम्मा."

३ डिसेंबर, पोया

अम्मा बाटली घेऊन गाडीपाशी. मी बॉनेटवर हात ठेवून उभी राहिले. पण त्यांनी बॉनेटकडे पाहिलंसुद्धा नाही. चारी चाकांवर थोडं थोडं शिंपडलं, प्रत्येक चाकापाशी मला विचारून. "रबराला चालतं ना? नवफर नानाला विचारलंस?" विचारलं होतं. चालतं. नाना म्हणाला, उरलेलं तुमच्याच डोक्यावर घालायला सांगा, नोना, तिथेही चालेल.

तेवढ्यात फ्लॉरिनचा फोन. "अक्का, तिकीट काढायचंय, पासपोर्ट सापडला का?"

"सापडला. सासूबाईंकडे आहे."

"मग मागून घ्या ना."

मी अम्मांकडे बघितलं. त्या चौथ्या चाकाशी वाकल्या होत्या, हात थांबला होता, कान माझ्याकडे. पासपोर्ट मी त्याच दिवशी त्यांच्या फळीवर परत ठेवलाय, तसबिरीमागे, होता तिथेच.

"मागितला हो," मी मोठ्याने म्हटलं. "देतच नाहीत. फार खट म्हातारी आहे."

अम्मा खुदकन हसल्या आणि उरलेली बाटली माझ्या डोक्यावर उपडी केली.